काळा रंग काळा दिसेपर्यंत

सांगलीच्या गावभागातील आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी एक जुना मराठी चित्रपट दाखवला जातो. प्रेक्षक पन्नास-साठ असतात आणि त्यांतील बहुतेकांनी साठी ओलांडलेली असते. २०१९च्या महापुरात तळमजल्यावरचे सभागृह पाण्याखाली गेले, तेव्हा खुर्च्या आणि पडदा वाया गेले. प्रोजेक्टर मात्र माडीवरच्या कपाटात होता, म्हणून वाचला. पुढे भिंती रंगवताना पडद्याचा खर्च टाळण्यासाठी समोरच्या भिंतीवरच चित्र पाडायचे ठरले आणि त्या भिंतीलाही बाकीच्या सभागृहासारखाच फिकट बदामी रंग दिला गेला.

गेल्या पावसाळ्यात खेळ संपल्यावर एक काकू माझ्यासाठी थांबल्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, हाच सिनेमा मी लग्नाआधी विट्याच्या जत्रेत तंबूत बघितला होता. तेव्हा नायिकेचा चेहरा असा रुंद दिसत नव्हता, आणि रात्रीचा प्रसंग रात्रीसारखा वाटायचा. इथं सगळीकडं नुसतं धुकं दिसतंय." ज्यांनी हे चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिले आहेत, अशी माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांना आपण चुकीचे चित्र दाखवत आहोत, ही गोष्ट मला सोसवेना, म्हणून पुढच्या खेळाच्या आत प्रोजेक्टर नीट लावून घेण्याचे काम मी अंगावर घेतले.

आमचा प्रोजेक्टर डीएलपी जातीचा आहे. त्याच्या आत लाखो सूक्ष्म आरसे असतात, प्रत्येक आरसा चित्रातील एका ठिपक्याचा प्रकाश भिंगाकडे किंवा भिंगाबाहेर वळवतो आणि फिरत्या रंगचक्रामुळे त्या प्रकाशाला रंग मिळतो. चित्राचे ठिपके १९२० गुणिले १०८० आहेत आणि डब्यावर प्रकाश ३५०० ल्युमेन लिहिलेला आहे. ज्यांनी तो बसवून दिला, त्यांनी तो टेबलावर तोंड वर करून ठेवला होता, मेन्यूतल्या कीस्टोन नावाच्या सोयीने चित्राच्या कडा सरळ केल्या होत्या आणि चित्राचा प्रकार 'डायनॅमिक' ठेवला होता. उजेडातल्या सभेसाठी ती मांडणी चालून गेली असती. अंधारात कृष्णधवल चित्रपट पाहण्यासाठी ती निरुपयोगी होती.

पहिल्या संध्याकाळी मी रिमोट घेऊन थेट मेन्यूत शिरलो आणि ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, गॅमा, शार्पनेस एकामागून एक बदलत गेलो. दोन तासांनी चित्र वेगळे दिसू लागले होते, पण ते सुधारले की बिघडले हे मला सांगता येत नव्हते, कारण कोणत्या बदलाने काय झाले याची नोंदच मी ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी आमच्या सभासदांपैकी एका काकांना बोलावले. शहरातील एका चित्रपटगृहात त्यांनी ऑपरेटर म्हणून उमेदीची सगळी वर्षे काढली आहेत आणि कार्बनच्या कांड्यांच्या प्रकाशावर चालणारी यंत्रे त्यांनी हाताळली आहेत. मेन्यूकडे न पाहता त्यांनी आधी भिंतीवरून हात फिरवला. "सर, बटणं नंतर," ते म्हणाले. "आधी पडदा बघा, मग मशीन कुठं उभं आहे ते बघा. आमच्याकडं केबिन उंचावर, त्यामुळं चित्र खाली पसरायचं. मग गेटची पट्टी कानशीनं घासून कडा सरळ करायला लागायच्या."

त्यांच्या बोलण्यातून मला कीस्टोनचा खरा अर्थ उमगला. ते यंत्रातली चित्राला चौकट देणारी पट्टी घासत तेव्हा तिरक्या चित्राची फक्त कड सरळ दिसू लागे आणि आतले चित्र होते तसेच राही. प्रोजेक्टरमधला कीस्टोन चित्रालाच उलट दिशेने दाबून समलंब करतो, म्हणजे एका बाजूच्या प्रत्येक ओळीतले ठिपके कमी करतो आणि उरलेल्या ठिपक्यांत मूळ ठिपके कसेबसे बसवतो. एक ठिपका काळा आणि एक पांढरा अशा उभ्या रेघांचे चित्र लावून पाहिले, तर कीस्टोन चालू असताना सगळ्या पडद्यावर लाटांसारखे पट्टे दिसत होते. कीस्टोन शून्यावर आणल्यावर ते पट्टे गेले, पण टेबलावरून चित्र अर्थातच वरच्या बाजूला रुंद पडू लागले. उपाय एकच होता. प्रोजेक्टर जमिनीला समांतर हवा होता आणि त्याची उंची पडद्याच्या कडेशी जुळायला हवी होती.

बहुतेक प्रोजेक्टर भिंगाच्या पातळीच्या वर चित्र टाकतात. तोच प्रोजेक्टर छताला उलटा टांगला की चित्र भिंगाच्या पातळीच्या खाली पडते, आणि मेन्यूत छतावरून पुढे असा पर्याय निवडल्यावर ते सुलटे होते. आम्ही पांढरा, चकाकी नसलेला पडदा घेतला, १० फूट रुंद आणि ५ फूट साडेसात इंच उंच, म्हणजे १६ः९ प्रमाणातला. आमच्या भिंगाला चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागते, म्हणून भिंगापासून पडदा १५ फुटांवर येईल अशी जागा छतावर खडूने आखली. गवंड्याने छिद्रे पाडली, लोखंडी दांडा बसवला आणि पाणसळीने प्रोजेक्टर दोन्ही दिशांनी सपाट केला. नव्या पडद्यावर पहिले चित्र पडले, तेव्हाच अर्धे धुके भिंतीच्या बदामी रंगाचे होते हे लक्षात आले. कृष्णधवल चित्रपटात स्वतःचा रंग नसतो, त्यामुळे भिंतीचा रंग त्यात लपून राहत नाही.

फोकसबद्दल एवढेच सांगतो की तो दिवा लागल्याबरोबर लावू नये. भिंग तापल्यावर तो थोडा सरकतो. अर्ध्या तासाने, पडद्याच्या मधोमध आणि चारही कोपऱ्यांत बारीक अक्षरे पाहून तो लावला.

टांगलेल्या प्रोजेक्टरपर्यंत पोहोचण्यासाठी ५० फुटांची एचडीएमआय केबल लागली आणि तिथे नवीनच अडचण उभी राहिली. चित्रात पांढरे ठिपके चमकत होते, आणि दर दहा-बारा मिनिटांनी पडदा दोन सेकंद काळा पडून चित्र परत येत होते. जुन्या व्हीजीए केबलमध्ये संकेत दुर्बल झाला की चित्र पुसट होत जाते किंवा त्यात सावल्या पडतात. एचडीएमआयमध्ये आकडेच वाहत असतात, त्यामुळे चित्र एक तर पूर्ण शुद्ध येते, नाहीतर त्यात अशा ठिणग्या उडतात, नाहीतर ते येतच नाही. दोष केबलचा की प्रोजेक्टरचा, हे शोधण्यासाठी लॅपटॉपवरचे आउटपुट १०८० ओळींवरून ७२० ओळींवर आणले, आणि ठिणग्या एकदम थांबल्या. १०८०च्या संकेतात ठिपके सेकंदाला १४.८५ कोटींच्या गतीने जातात आणि ७२०मध्ये बरोबर त्याच्या निम्म्या गतीने, म्हणजे ती केबल निम्मे ओझे वाहू शकत होती, पूर्ण नव्हे. ती बदलून आत काचतंतू असलेली केबल घेतली. या केबलला दिशा असते. एका टोकावर स्रोताची आणि दुसऱ्यावर पडद्याच्या बाजूची खूण असते आणि उलटी जोडली तर काहीच दिसत नाही. छताच्या आतून केबल ओढण्याआधी ती जमिनीवर पसरून दोन तास चालवून पाहिली, हे बरे झाले.

आता काकूंच्या पहिल्या तक्रारीकडे वळलो. चेहरा रुंद होण्याची जागा एकच नसते, कारण फाइल, चालक प्रोग्रॅम (लॅपटॉपवर चित्रपट चालवणारा प्लेअर), लॅपटॉप आणि प्रोजेक्टर या चौघांपैकी कोणीही चित्र ताणू शकतो. म्हणून लॅपटॉपवर एक मोठे वर्तुळ काढले, ते पडद्यावर टाकले आणि फूटपट्टीने आडवे-उभे मोजले. ते आडवे जास्त भरले. मेन्यूत अॅस्पेक्ट रेशो, म्हणजे रुंदी-उंचीचे प्रमाण, 'वाइड' होता आणि ओव्हरस्कॅनही चालू होता. ओव्हरस्कॅन म्हणजे चित्र थोडे मोठे करून त्याच्या चारही कडा पडद्याबाहेर टाकणे. काचेच्या नळीच्या दूरचित्रवाणी संचांच्या काळातली ती सोय आहे. तिच्यामुळे आमच्या श्रेयनामावलीची पहिली आणि शेवटची ओळ दर वेळी कापली जात होती आणि ती फाइलच तशी आहे असे आम्ही समजत होतो. ओव्हरस्कॅन शून्यावर आणला, रेशो 'नेटिव्ह' केला, आणि वर्तुळ दोन्हीकडून सारखे भरले.

तरीही चित्रपटातले चेहरे रुंदच राहिले. याचा अर्थ प्रोजेक्टरपर्यंतचा रस्ता आता निर्दोष होता आणि दोष फाइलमध्ये होता. आमच्या संग्रहातील बऱ्याच प्रती व्हीसीडीवरून उतरवलेल्या आहेत. आपल्याकडच्या व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे असते आणि ते ४ः३ प्रमाणात दाखवायचे असते. कोणीतरी उतरवताना पडदा भरावा म्हणून ते १६ः९ अशी नोंद करून ठेवले होते. त्या ताणात रुंदी एक तृतीयांशाने वाढते, म्हणजे चेहरे, घोडे, देवळाचे कळस सगळेच तेवढे फुगतात. चालक प्रोग्रॅममध्ये ४ः३ सक्तीने निवडल्यावर माणसे माणसांसारखी दिसू लागली. १० फुटी पडद्यावर आता चित्र साडेसात फूट रुंद येते आणि दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा फूट जागा रिकामी राहते. कार्यकारिणीतील एकदोघांना ती जागा खुपली. मी माझ्या मतावर ठाम राहिलो. बोलपटांच्या पहिल्या वीस वर्षांत चित्र याच घडणीचे असे, आणि दिग्दर्शकाने चौकटीत जे बसवले ते ताणून पडदा भरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

काळ्या रंगाला मात्र सर्वांत जास्त वेळ लागला, आणि मला सर्वांत जास्त शिकवलेही त्यानेच. रात्रीच्या प्रसंगातले आकाश राखाडी दिसत होते. ब्राइटनेस कमी केला की आकाश काळे होई, पण त्याबरोबर कंदिलाच्या उजेडातला पदर आणि दारामागची माणसेही अंधारात बुडत. म्हणून काळा रंग नेमका कुठून येतो आहे, ते तपासण्याची एक साधी रीत वापरली. लॅपटॉपवर संपूर्ण काळे चित्र लावले, मग रिमोटवरचे 'ब्लँक' बटण दाबले. ब्लँक केल्यावर सगळे आरसे प्रकाश भिंगाबाहेर टाकतात, म्हणजे तो या यंत्राचा सर्वांत गडद काळा असतो. लॅपटॉपचा काळा त्यापेक्षा स्पष्ट उजळ होता. याचा अर्थ लॅपटॉप ज्याला काळा म्हणत होता, ते प्रोजेक्टर काळा मानत नव्हता.

कारण असे. संगणकाच्या चित्रात काळा ० आणि पांढरा २५५ असतो. व्हिडिओच्या परंपरेत काळा १६ आणि पांढरा २३५ असतो. एचडीएमआयने जोडलेले यंत्र म्हणजे टीव्हीच असणार असे समजून लॅपटॉप १६ ते २३५ पाठवत होता, आणि प्रोजेक्टर 'ऑटो'वर राहून ते ० ते २५५ समजून वाचत होता. त्यामुळे सगळा काळा राखाडी होत होता आणि पांढराही उणा पडत होता. गॅमा, म्हणजे आकड्याचा प्रकाश किती हे ठरवणारा घात, २.२ धरला तर २३५चा प्रकाश २५५च्या प्रकाशापेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी असतो. उलटी गफलत झाली असती, तर काळ्याजवळच्या सगळ्या छटा एकाच काळ्यात गडप झाल्या असत्या. दोन्ही टोकांना एकच भाषा ठरवून दिली. लॅपटॉपच्या ग्राफिक्समध्ये 'फुल' निवडले, प्रोजेक्टरच्या मेन्यूत एचडीएमआय रेंज ०–२५५ ठेवली आणि 'ऑटो' कुठेच ठेवले नाही. काळे चित्र आणि ब्लँक यांत आता फरक दिसेना. एवढ्यावर न थांबता काळ्या-पांढऱ्या पायऱ्यांची एक व्हिडिओ फाइल चालक प्रोग्रॅममधूनही चालवून पाहिली, कारण स्थिर चित्र बरोबर दिसत असूनही चालक प्रोग्रॅम स्वतः ही चूक करू शकतो.

तेव्हा कुठे ब्राइटनेसला हात लावला, तोही सगळी मूल्ये कारखान्यातल्यासारखी करून. प्रोजेक्टरमध्ये ब्राइटनेस हा काळ्याची पातळी ठरवतो आणि कॉन्ट्रास्ट पांढऱ्याची. नावांवरून तसे वाटत नाही, म्हणून बहुतेक लोक चित्र अंधूक दिसले की ब्राइटनेस वाढवतात आणि काळा घालवून बसतात. काळ्या पार्श्वभूमीवर किंचित उजळ होत जाणाऱ्या पट्ट्या लावल्या, सभागृहातले सगळे दिवे बंद केले, पडदे ओढले आणि दहा मिनिटे डोळे अंधाराला सरावू दिले. ५०वर पहिल्या चार पट्ट्या दिसत नव्हत्या. ५२वर दुसरी पट्टी जेमतेम दिसू लागली आणि पार्श्वभूमी काळीच राहिली. ५३वर पार्श्वभूमी उजळू लागली. ५२ हा आकडा वहीत लिहिला.

पांढऱ्या टोकाची परीक्षा आम्ही आमच्याच चित्रपटांवर घेतली. या चित्रपटांत पांढरी पातळे, धोतरे, पागोटी भरपूर असतात, आणि आमच्या पडद्यावर त्यांच्या चुण्याच दिसत नव्हत्या. कॉन्ट्रास्ट कमी करून थोडाच फरक पडला. खरे कारण निराळे निघाले. डीएलपीच्या रंगचक्रात बऱ्याचदा लाल, हिरव्या, निळ्याबरोबर एक पारदर्शक पाकळीही असते, आणि ती वापरून पांढरा भाग अधिक उजळवण्याची एक स्वतंत्र पट्टी मेन्यूत असते. आमच्याकडे ती १०वर होती. ती २वर आणल्यावर चित्र थोडे मंद झाले, पण एका म्हाताऱ्या पात्राच्या पागोट्याचे पीळ दिसू लागले. काका पुढे जाऊन पडद्याजवळ उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रीळ नवं असताना असं दिसायचं."

छटांचा रंग पाहण्यासाठी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ११ पायऱ्यांची पट्टी लावली. 'डायनॅमिक'मध्ये ती सरळ हिरवट होती. पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश मुळातच हिरव्याकडे झुकतो आणि जास्तीत जास्त प्रकाश देणाऱ्या प्रकारात तो झाकला जात नाही. 'सिनेमा' प्रकार आणि ६५०० केल्विनच्या जवळचा 'वॉर्म' पर्याय निवडल्यावर फक्त वरच्या दोन पायऱ्यांत हिरवी झाक उरली. ती हिरव्याचा गेन चार घरे कमी करून घालवली. गेन उजळ भागावर काम करतो आणि बायस गडद भागावर. बायसला मी हात लावला नाही. मोजमापाचे यंत्र आमच्याकडे नसल्याने तिघांनी, मधे बाहेर जाऊन डोळे निवळवून, वेगवेगळे पाहिले आणि तिघांचे एकमत झाल्यावरच आकडा कायम केला. शार्पनेस मात्र बेधडक खाली आणला. कडांभोवती पांढरी रेघ ओढून तो तपशिलाचा भास निर्माण करतो, आणि २८८ ओळींच्या चित्रात नसलेला तपशील तो आणणार कुठून?

एक दोष अजून राहिला होता. कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळत होते. या प्रती सेकंदाला २५ चित्रांच्या आहेत आणि लॅपटॉप ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, चित्र पाठवत होता. ६० भागिले २५ म्हणजे २.४, म्हणून काही चित्रे दोनदा आणि काही तीनदा दाखवली जात होती. ही दुरुस्ती प्रोजेक्टरच्या मेन्यूत नसून लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये असते. तिथे रिफ्रेश रेट ५० हर्ट्झ केला की प्रत्येक चित्र बरोबर दोनदा येते. बदलानंतर नदीघाटावरून सरकणारा एक लांब शॉट लावला, तो पाण्यासारखा सरकला. मिरजेहून येणारे, गाणे शिकलेले एक सभासद तेव्हा म्हणाले की गाणी किंचित चढी लागतात. त्यांचा कान बरोबर असू शकेल. मूळ चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असेल आणि प्रत २५च्या गतीने काढली असेल, तर सगळे ४ टक्के जलद धावते आणि सूर पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधील अंतराच्या सुमारे सात-दशांश एवढा चढतो. पण त्या प्रतीपुरता मूळ सूर पडताळण्याचे साधन हाताशी नसल्याने ती गती मी बदलली नाही.

सर्व आकडे वहीत तारखेसह लिहिले, तेच प्रोजेक्टरच्या 'युझर १'मध्ये साठवले आणि दिवा 'इको'वर ठेवला. दहा फुटी पडद्यासाठी अंधारात तेवढा प्रकाश पुरतो आणि पंख्याचा आवाजही संवादांच्या खाली राहतो. चालू करण्याचा क्रमही ठरवला. आधी प्रोजेक्टर, मग लॅपटॉप, कारण प्रोजेक्टर आपल्या क्षमता लॅपटॉपला केबलवरूनच कळवतो आणि तो बंद असेल तर लॅपटॉप पुन्हा ६० हर्ट्झवर जाऊन बसतो.

शनिवारी दुपारी काकांनी दोन्ही बाजूंच्या सव्वा फूट जागेवर काळ्या मांजरपाटाचे पट्टे लावले, जेणेकरून चित्राची कड कापडावर नेमकी संपावी. डावीकडे ती बरोबर बसली. उजवीकडे बोटभर पांढरी फट राहिली होती, कारण छताचा दांडा तेवढा फिरला होता. काकूंसह माणसे खुर्च्यांवर येऊन बसू लागली होती, तरी काका शिडीवर चढले, आणि मी पडद्याजवळ उभा राहून त्यांना सांगत होतो, "अजून थोडं, काका, अजून थोडं."